मंडळीतल्याच माणसाने चारचौघांत अपमान केला, "सहन करा" म्हणजे नेमकं काय करायचं?

नगरची_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथे खूप दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगरकडचे (आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच येतं), लग्नानंतर पुण्यात, गेली अकरा वर्षं एकाच मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जातोय. मी संडे स्कूल घेते, सासूबाई महिला मंडळात आहेत, मिस्टरांची शिफ्ट असते त्यामुळे ते महिन्यातून दोन रविवार येतात. तर गोष्ट मार्चमधली. आमच्याकडे वार्षिक सभेच्या आधी ज्यांची वर्गणी थकलीय त्यांची यादी लागते कारण थकबाकी असेल तर मत देता येत नाही. दरवर्षी ती बोर्डवर लागते, ज्याला बघायची तो बघतो. यंदा कमिटीतल्या एका काकांनी उपासनेनंतर सूचनांच्या वेळी माईकवरून वाचूनच दाखवली. आमचं नाव तिसरं. पंधरा महिने, ३००० रुपये. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत, वर म्हणाले की काही लोकांना पोरांना शिकवायची हौस फार पण देवाचं देवाला द्यायची वेळ आली की मागे.

लोक हसले. सगळे नाही पण हसले. माझी संडे स्कूलची पोरं पुढच्याच बाकावर बसली होती, एकीने मागे वळून माझ्याकडे बघितलं, ते मला अजून दिसतं.

आता खरी गंमत अशी की वर्गणी मी भरलीय. महिन्याचे २०० प्रमाणे दर तीन महिन्यांनी ६०० रुपये, पावती घेऊन. पाच पावत्यांपैकी तीन सापडल्या, दोन घर बदलताना कुठे गेल्या देव जाणे. पण त्या दिवशी मी काहीच बोलले नाही, घसा असा धरला होता की बोलता आलंच नसतं, पर्स उचलली आणि बाहेर आले.

घरी तीन मतं. मिस्टर म्हणतात मंडळी बदलू, पुण्यात काय कमी मंडळ्या आहेत. सासूबाई म्हणतात सोस बाई, प्रभूच्या तोंडावर थुंकले तरी तो बोलला नाही आणि तुझं काय एवढं. माझा भाऊ म्हणतो ग्रुपवर पावत्यांचे फोटो टाक, सगळ्यांना कळू दे. मी तिन्ही ऐकते आणि रात्री झोप येत नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) होतं, मी मेजाकडे गेलेच नाही, बाकावर बसून राहिले. आणि ते काका अगदी नेहमीसारखे दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवत होते, माझ्याशी पण मिळवला, जणू काही झालंच नाही.

मला विचारायचंय ते एवढंच की ख्रिस्ती माणसाने सहन करायचं म्हणजे गप्प बसायचं का? आणि मनात एवढा राग असताना मी मुलांना "शेजाऱ्यावर प्रीती करा" कोणत्या तोंडाने शिकवू?

कृपा_७७

ताई प्रभूवर सोपवा. १ करिंथ १३ वाचा, प्रीतीचा अध्याय. कलस्सै ३:१३, एकमेकांचं सहन करा, क्षमा करा. मत्तय १८:२२ सत्तर गुणिले सात वेळा क्षमा. आपण क्षमा केली नाही तर आपल्यालाही क्षमा नाही. प्रार्थनेत आठवण ठेवते 🙏

शेवटचा_बाक

झालं, आली वचनं. ताई तुमच्या पोस्टला रिप्लाय म्हणून नाही पण एक निरीक्षण सांगतो. मी लहानपणापासून मंडळीत वाढलोय आणि "सहन करा" हे वाक्य मी आजपर्यंत कुठल्याही कमिटी मेंबरला उद्देशून ऐकलेलं नाही. ते नेहमी खालच्यालाच सांगितलं जातं. सुनेला, विधवेला, भाड्याच्या घरातल्याला, नवीन बाप्तिस्मा घेतलेल्याला. माईक ज्याच्या हातात आहे त्याला कोणी म्हणत नाही की बाबा रे प्रीती उद्धटपणे वागत नाही हे पण त्याच अध्यायात आहे.

माझं मत, ज्या माईकवरून अपमान झाला त्याच माईकवरून माफी. नाहीतर मिस्टर म्हणतात ते बरोबर. मी स्वतः दोन वर्षं झाली ऑनलाइन उपासना ऐकतो, चहा पीत, कोणी काही बोलत नाही.

यवतमाळकर_दादा

कोणी काही बोलत नाही हे खरंय भाऊ, पण कोणी विचारत पण नाही ना. असो, तुझ्या पहिल्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे आणि कृपाताईंच्या वचनांशी पण, फक्त ती वचनं जिथून उचलली तिथे परत ठेवून वाचली पाहिजेत.

मी थोडंफार थिऑलॉजी शिकलोय, पाळक वगैरे नाही, नोकरी करतो. १ करिंथ १३ आपण लग्नात वाचतो, कार्डावर छापतो, त्यामुळे ते नवराबायकोचं प्रकरण वाटतं. प्रेषित पौलाने ते करिंथच्या भांडणाऱ्या मंडळीला पत्रात लिहिलं होतं. त्याच पत्रात बघा, पहिल्याच अध्यायात गट पडलेत, मी पौलाचा मी अपुल्लोसचा. सहाव्यात एकमेकांना कोर्टात खेचतायत (आपल्याकडच्या मंडळीच्या जमिनींच्या केसेस आठवल्या की नाही?). अकराव्यात तर प्रभुभोजनाला एकत्र जमतात आणि ज्यांच्याकडे आहे ते आधीच खाऊन पिऊन घेतात, गरीब उपाशी बसतो आणि त्याला लाज वाटते. पौल तिथे म्हणतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का. म्हणजे चारचौघांत लाजवणं हा तेव्हापासूनचा आजार आहे. आणि या सगळ्यानंतर तेरावा अध्याय येतो. प्रीती सहनशील आहे हे वाक्य त्या खाऊनपिऊन बसलेल्यांनी पण ऐकलं असणार, उपाशी राहिलेल्यांनी तर ऐकलंच.

दुसरं, सहनशील हा जो शब्द आहे त्याच्या मूळ ग्रीकमध्ये दोन तुकडे आहेत, लांब आणि राग. म्हणजे ज्याचा राग लांबून, सावकाश येतो असा. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) स्तोत्र १०३ मध्ये देवासाठी "मंदक्रोध" आहे ना, त्याच्या जवळ जाणारा. आता मंदक्रोध देव काय गप्प बसतो का? संदेष्टे वाचले की कळतं किती बोलतो ते. राग सावकाश येणं वेगळं आणि तोंड शिवणं वेगळं.

तिसरं आणि मुख्य. सत्तर गुणिले सातच्या आधी त्याच अध्यायात पंधरावं वचन आहे, तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर जा आणि तो एकटा असताना त्याला त्याचा अपराध दाखव. एकटा असताना. मग ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण काय करतो, हे उलटं करतो, आधी ग्रुपवर, मग महिला मंडळात, मग पाळकसाहेबांकडे, आणि त्या माणसाला सगळ्यात शेवटी, तेही तिसऱ्याच्या तोंडून कळतं.

आणि प्रभुभोजनाचं म्हणाल तर मत्तय ५ मधलं वेदीजवळ अर्पण ठेवून जा वालं वचन तुमच्या मनात असणार. ते वाचून बघा, तिथे तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आहे, म्हणजे चूक तुमची असेल तर तुम्ही जा. आणि १८ मध्ये चूक त्याची असेल तरी तुम्हीच जा. दोन्हीकडे जायचं आपणच. खरं तर दोघांनी वचन पाळलं तर ते वाटेत कुठेतरी रिक्षा स्टँडवर भेटायला पाहिजेत 😄 पण तसं कधी होत नाही, एकालाच पूर्ण रस्ता चालावा लागतो.

शेवटचा_बाक

दादा मुद्दा पोचला पण "एकटं जा" हे पण धोक्याचं आहे हां. एका बाईने एकट्याने एका कमिटीवाल्याच्या घरी जायचं, तो उद्या म्हणेल की ही येऊन भांडली, मग?

आणि दुसरं, हे सगळ्याच गोष्टींना लावू नका. पैसे खाल्लेत, कोणाच्या पोरीला त्रास दिलाय, अशा वेळी "त्याला एकटा असताना सांग" म्हणणारे लोक मी पाहिलेत आणि त्याचं काय होतं ते पण पाहिलंय.

यवतमाळकर_दादा

बरोबर, आणि हे स्पष्ट लिहिलंस ते बरं झालं. लहान मुलांना किंवा बायकांना त्रास, मारहाण, पैशाची अफरातफर, हे अपमान नाहीत गुन्हे आहेत, तिथे पोलीस आहेत, त्यात क्षमेचा प्रश्न नंतरचा. ताईंची गोष्ट त्यातली नाही. ही एका माणसाच्या जिभेची आणि बहुतेक एका चुकलेल्या नोंदीची गोष्ट आहे.

३ योहान मध्ये एक दियत्रफेस म्हणून माणूस आहे, त्याला मंडळीत पुढे पुढे करायची हौस असते. योहान त्याच्याबद्दल काय लिहितो, मी आलो तर त्याच्या कामांची आठवण देईन. प्रीतीचा प्रेषित म्हणतात योहानाला, तरी हे लिहितो. दियत्रफेस प्रत्येक मंडळीत एक तरी असतोच, आमच्याकडे दोन आहेत.

जुना_खजिनदार

मी इथे सहसा लिहीत नाही, नातवाने टायपिंग शिकवलंय, चुका होतील.

बाळ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू ज्या काकांबद्दल लिहिलंस ते मी नाही, पण मी असू शकलो असतो. मी आमच्या गावच्या मंडळीत खूप वर्षं खजिनदार होतो. शाळामास्तर माणूस, हिशेब चोख, एक रुपया इकडचा तिकडे नाही, आणि त्याची मला फार घमेंड होती. यादी मी पण लावायचो. एका वर्षी यादीत एका विधवा बाईंचं नाव होतं. त्यांचा मुलगा नुकता नोकरीला लागलेला, मला वाटलं आता तरी भरायला काय हरकत आहे, म्हणून हंगामाच्या सणाला लिलाव चालू असताना त्या भोपळ्यावर बोली बोलल्या तेव्हा मी म्हणालो, बाई आधी वर्गणीचं बघा मग भोपळा घ्या. लोक हसले. मी पण हसलो. मला वाटलं मी विनोद केला.

त्या बाई पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या पण नाही. चार वर्षं आल्या नाहीत. आणि आम्ही सगळे काय म्हणायचो, बाई फार सोशिक हो, कोणाबद्दल कधी वाईट बोलल्या नाहीत. मला तर वाटत होतं मुलाकडे गेल्या असतील. माझ्या बायकोला माहीत होतं, अर्ध्या मंडळीला माहीत होतं, मला सोडून. मला चार वर्षांनी कळलं, ते पण कसं, त्यांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना आली आणि मला आली नाही म्हणून मी विचारलं तेव्हा.

मी गेलो त्यांच्या घरी. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं, मी म्हणालो बाई माझं चुकलं. त्या म्हणाल्या मास्तर, ते मी त्याच वर्षी माफ केलं, पण तुमच्या तोंडासमोर यायला लाज वाटत होती. मी विचारलं तुम्हाला कसली लाज, लाज मला वाटायला पाहिजे. तर त्या काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या.

तेव्हापासून मला एक वाटतं, त्या बाईंनी त्याच दिवशी सण संपल्यावर मला बाजूला घेऊन चार शब्द सुनावले असते तर मला राग आला असता, मी आठ दिवस फुगलो असतो, पण चार वर्षं वाचली असती. त्यांची पण आणि माझी पण. त्यांनी क्षमा केली होती हे खरं, पण ती क्षमा त्यांच्या घरात होती आणि मी माझ्या घरात, मध्ये कोणी चाललंच नाही. मला तर माहीतच नव्हतं की मला क्षमेची गरज आहे.

आता हिशेबाचं बोलतो कारण तेच मला येतं. मत्तय १८ मध्ये पुढे तो दाखला आहे, एका चाकराला राजा दहा हजार तालांत सोडतो आणि तो बाहेर येऊन दुसऱ्याचा गळा धरतो शंभर दिनारांसाठी. मी एकदा हिशेब मांडला होता. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे ६००० दिनार. म्हणजे राजाचं देणं ६ कोटी दिवसांची मजुरी, आणि दुसऱ्याचं १०० दिवसांची. उपदेशात नेहमी सांगतात की बघा ते १०० काहीच नव्हते. मी मजुरी करणाऱ्यांच्या घरात वाढलोय, १०० दिवसांची मजुरी काहीच नाही असं ज्याने कधी मजुरी केली नाही तोच म्हणेल. तीन महिन्यांच्या वर घर चालतं त्यात. प्रभूने ते कर्ज खोटं आहे असं म्हटलेलं नाही. खरंच होतं. तुझं पण खरं आहे बाळ, सासूबाई म्हणतात तसं "एवढं काय" नाही. खरं कर्ज आहे म्हणूनच सोडायला जड जातं.

आणि नोंदीबद्दल. पाच पावत्या दिल्यात म्हणतेस तर किर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) त्या तारखेला जमा दिसणारच. माझा अनुभव असा की किर्दीत बरोबर असतं, खतावणीला (प्रत्येक घराच्या खात्याच्या वहीला) चढवताना चुकतं, एकाच आडनावाची दोनचार घरं असली की दुसऱ्याच्या खात्यावर जातं. तुमच्या आडनावाचं अजून कोणाचं घर आहे का मंडळीत? पावती पुस्तकाची स्थळप्रत (पुस्तकातच राहणारी नक्कल) असते, ती काढायला सांग.

नगरची_लेक

सर, तुमचं वाचून रडू आलं. हो, आमच्या आडनावाची अजून तीन घरं आहेत 😐 हे डोक्यातच आलं नव्हतं.

वसईची_माय

मी कॅथलिक, वसईची, तुमच्या मंडळीचं मला काही कळत नाही पण विषय सगळीकडे तोच म्हणून लिहिते.

आमच्याकडे मिस्सामध्ये "हे आमच्या स्वर्गातील पित्या" झालं की कम्युनियनच्या आधी एकमेकांना शांती द्यायची असते, हात जोडायचे आणि आजूबाजूला वळून मान लववायची. आता हात जोडून मान कुठल्या बाजूला वळवायची ते आपल्या हातात. माझी जाऊ आणि मी एकाच बाकावर, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलेलं, ती उजवीकडे बसायची. मी दोन वर्षं डावीकडे शांती देत होते. इतकी की डावीकडच्या म्हातारीला वाटलं माझा तिच्यावर फार जीव आहे, ती मला नाताळाला करंज्या पाठवायला लागली.

एकदा पापनिवेदनाला मी सांगितलं की फादर जावेचा राग जात नाही. मला वाटलं ते म्हणतील प्रार्थना करा. ते म्हणाले तिला हे माहीत आहे का? मी म्हटलं माहीत असणारच. ते म्हणाले विचारलंत? म्हटलं नाही. म्हणाले मग विचारा आणि मग या. एवढंच. मला इतका राग आला फादरांचा.

गेले विचारायला. तिला खरंच माहीत नव्हतं! म्हणजे भांडण माहीत होतं पण मी इतकी दुखावलेय हे नव्हतं, तिला वाटत होतं मीच तोऱ्यात आहे. पाण्याची पाळी अजून तशीच आहे हां, तो प्रश्न सुटला नाही, बोरिंग घेईपर्यंत सुटणारही नाही. पण आता उजवीकडे वळते. करंज्या मात्र बंद झाल्या.

कृपा_७७

मी वर नुसती वचनं टाकली त्याबद्दल सॉरी ताई. ऑफिसला जाता जाता लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मी पण एकीशी सहा महिने बोलत नाहीये, क्वायरमधली आहे, सोलो तिला दिला म्हणून. वचन दुसऱ्याला पाठवणं सोपं.

शेवटचा_बाक

कृपाताई, आधीच्या रिप्लायला मी जरा खोचक बोललो, सोडून द्या. खजिनदार सरांचं वाचलं, गप्प झालो. पण एक प्रश्न उरतोच, मंडळी बदलणं हे पाप आहे का? की काही वेळा तेच बरं असतं?

यवतमाळकर_दादा

पाप कशाला. पौल आणि बर्णबा बघ, कृत्ये १५. मार्काला बरोबर घ्यायचं की नाही यावरून दोघांची एवढी जुंपली की ते वेगळे झाले, एक कुप्राला गेला, एक सिरियाकडे. शास्त्राने ते लपवलेलं नाही, कोण बरोबर ते पण सांगितलेलं नाही. पण ज्या मार्कावरून भांडण झालं त्याच्याबद्दल नंतर २ तीमथ्य मध्ये लिहिलंय की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. म्हणजे वेगळं झाल्यावर सुद्धा दार उघडं होतं.

जुना_खजिनदार

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं पण तसंच. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, मिशनऱ्यांशी न पटणारं बरंच होतं. पण सोडलं ते नोकरीला, ख्रिस्ताला नाही आणि ख्रिस्ती माणसांनाही नाही. आज त्यांची भजनं सगळ्या मंडळ्या म्हणतात, ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांच्या सुद्धा. पण बदलायची तर भेटून बदला. न भेटता बदललं की ते ओझं नवीन मंडळीत बरोबर जातं, पहिल्याच वार्षिक सभेला तिथे पण बाहेर येतं.

यवतमाळकर_दादा

हे पण एक लिहितो आणि थांबतो. फिलिप्पै ४:२, पौल दोन बायकांची नावं घेऊन विनंती करतो, युवदीया आणि सुंतुखे, की एकचित्त व्हा. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं आणि त्या दोघी तिथेच कुठेतरी बसलेल्या असणार. भांडण कशावरून ते सांगितलेलं नाही. पण तो लाजवत नाही, लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की ह्यांनी सुवार्तेच्या कामी माझ्याबरोबर श्रम केलेत, आणि तिसऱ्या एकाला म्हणतो ह्यांना साहाय्य कर. नाव घेऊन चारचौघांत बोलायचंच असेल तर असं बोलता येतं. तुमच्या काकांनी माईक हातात घेण्याआधी हे वाचायला पाहिजे होतं.

नगरची_लेक

अपडेट देते. तीन आठवडे झाले, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

बुधवारी संध्याकाळी गेले त्यांच्या घरी. मिस्टर खाली गाडीवर थांबले, वर मी एकटीच गेले (शेवटचा_बाक तुमची काळजी डोक्यात होती). तीन पावत्या पर्समध्ये. जिन्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं. काकूंनी दार उघडलं, बस म्हणाल्या, काका टीव्ही बघत होते, बंद केला नाही नुसता आवाज कमी केला.

मी ठरवून गेले होते की आधी पावत्या दाखवायच्या. दाखवल्या. ते म्हणाले मग तेव्हाच का नाही बोललीस. मी म्हटलं काका तेव्हा मला बोलता येत नव्हतं. गप्प. मग आतून किर्दीची वही आणि पावती पुस्तकं घेऊन आले, बहुतेक मला खोटं पाडायलाच, आणि बसले शोधत. खजिनदार सर तुम्ही देवमाणूस आहात! पाचही नोंदी किर्दीत होत्या. खतावणीत आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या घरावर चढल्या होत्या, त्यांचे पंधरा महिने जास्त दिसत होते आणि ते बिचारे गप्प होते, फुकट मिळतंय तर कोण बोलतो 😄

काका म्हणाले ठीक आहे, रविवारी सूचनेत सांगतो. मी उठणार होते. मग वाटलं अर्धंच काम झालं. म्हटलं काका पैशाचं मिटलं, पण पोरांना शिकवायची हौस म्हणालात ते पोरांसमोर म्हणालात. आवाज कापत होता माझा. ते काहीच बोलले नाहीत, वहीवर बोटाने काहीतरी पुसत होते जे तिथे नव्हतंच. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, हे घरी पण असंच बोलतात ग. मग चहा झाला. माफी वगैरे शब्द काही आला नाही.

रविवारी सूचना आली, टाकी धुण्याच्या सूचनेनंतर आणि तरुण संघाच्या सहलीच्या आधी, एवढ्या घाईत वाचली की मागच्या निम्म्या लोकांना कळलं पण नसेल. सासूबाईंनी मात्र मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, त्या "सोस बाई" वाल्या सासूबाईंनी.

राग गेलाय का? नाही, सगळा नाही. कमी झालाय. रात्री झोप लागते. परवाच्या प्रभुभोजनाला मेजापर्यंत गेले. ते काका माझ्या पुढे दोन माणसं सोडून होते, त्यांच्या शर्टाची कॉलर आतल्या बाजूने उसवलेली दिसली, ते बघून का कोण जाणे जरा मऊ वाटलं.

मिस्टर अजून मंडळी बदलायचं म्हणतात. म्हटलं नाताळापर्यंत बघू, पोरांचं नाटक बसवायला घेतलंय.

वसईची_माय

कॉलरचं वाचून हसले पण डोळे भरून आले. नाटकाचे फोटो टाक.

शेवटचा_बाक

माफी मागितली नाही हे मला अजून पटत नाही. पण तुम्ही गेलात, दुसरं वाक्य पण बोललात, मानलं. मी असतो तर पावत्यांवर थांबलो असतो.

जुना_खजिनदार

शाब्बास बाळ. शर्टाची कॉलर दिसली हे चांगलं झालं.

त्या हरवलेल्या दोन पावत्यांचे नंबर आणि तारखा किर्दीतून उतरवून घे, आणि खतावणीत दुरुस्तीची नोंद झाली का ते एकदा डोळ्याने बघून ये, नुसती सूचना वाचून भागत नाही, पुढच्या ऑडिटला तेच लागेल. आणि त्या दुसऱ्या घराला पण आधी कोणीतरी जाऊन सांगा, आता त्यांची थकबाकी निघणार, यादीत वाचायच्या आधी.